नमुना क्रमांक सात

४ फेब्रुवारी, बुधवार

मी नमुना क्रमांक सात आहे!

सकाळी नात छापील कागद घेऊन समोर बसली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला एक पाहणी करावी लागते म्हणे. विषय तिनं वाचून दाखवला — पाठलाग करायची सवय माणूस आपल्याच माणसांकडून शिकतो का? मी म्हटलं, पाठलाग म्हणजे चोर-पोलीस? "नाही आजोबा. एखाद्याला नको असताना त्याच्या मागे मागे जाणं." मग यात माझं काय काम, असं विचारेपर्यंत तिनं पेनाचं टोपण काढलं होतं. "तुमची आणि आजीची गोष्ट सांगा."

ती गोष्ट सांगायला मला आग्रह लागत नाही. मी तेव्हा छापखान्यात नवा होतो, शाळेच्या पुस्तकांच्या बांधणी खात्यात. ही कोपऱ्यावरच्या टायपिंगच्या क्लासला यायची. साडेपाचला सुटायची. मी वीस पावलं मागे. पूल, औषधाचं दुकान, गॅरेजांची रांग, तिचं फाटक. दोन वर्षांना अकरा दिवस कमी, रोज! एक शब्द बोललो नाही. मग मला विषमज्वर झाला, महिनाभर अंथरुणावर. आणि तेविसाव्या दिवशी ती आपणहून माझ्या दारात उभी! (इथे मी थांबतो आणि पाण्याचा घोट घेतो. नेहमीच.)

नात हसली नाही. लिहीत राहिली. प्रश्न चौदावा — तिला हे आवडतं असं तुम्हाला कशावरून वाटलं?

मी म्हटलं, "ती कधी मागे वळून बघायची नाही. लाजाळू होती." आणि तिला ती कविता म्हणून दाखवली —

सांज निघाली पुढे पुढे
ऊन चालले मागे,
वळून नाही बघत तरी
मन तियेचे जागे

पुढचं मला येत नाही. खराब निघालेले छापील कागद आम्ही घरी न्यायचो, माझं सगळं काव्यशिक्षण त्यावरच झालं. एका पानावर कवितेचा आरंभ, शेवट दुसऱ्या कागदावर, तो गेला रद्दीत. मला शंभरेक कविता अर्ध्या पाठ आहेत.

नातीनं माझ्या उत्तराखाली रेघ मारली. मी विचारलं, रेघ कशाला? "सवय," म्हणाली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज हिची पाळी होती. नमुना आठ. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं! मी बाहेर पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर हातात होता. दोनदा दोघी हसल्या. मग बराच वेळ काही ऐकू येईना. माझी मुलाखत वीस मिनिटांत आटोपली होती, हिची सत्तेचाळीस मिनिटं.

बाहेर आल्यावर विचारलं, काय सांगितलंस? "जे विचारलं ते." नातीला विचारलं तर म्हणते, "उत्तरं गुप्त असतात आजोबा. नियम आहे." तिच्या बापाला मी मांडीवर घेऊन वाढवलं, आणि आता मला नियम!

७ फेब्रुवारी, शनिवार

जेवताना नातीच्या पाहणीचा विषय निघाला आणि मुलानं माझी गोष्ट सांगायला घेतली. माझ्यापेक्षा तो छान सांगतो. लहानपणी झोपताना हीच हवी असायची त्याला. पूल, औषधाचं दुकान, गॅरेजांची रांग. पाण्याचा घोटसुद्धा बरोबर जागेवर घेतो.

मुलगा माझ्यावर गेला आहे, हे सगळेच म्हणतात. लिफ्ट दुरुस्तीचं काम, दिवसभर मोटरसायकलवर गावभर. तरी सून तिच्या प्रयोगशाळेतून सुटते (कवळ्या बनवते ती, माझीही तिनंच केली आहे), तेव्हा हा खाली हजर. न सांगता. कधी मधल्या सुट्टीतही. कधी नुसता लांबून बघून जातो, असं तोच सांगतो. "लग्नाला बावीस वर्षं झाली, बाबा, आहे का कोणाची एवढी काळजी?" आम्ही हसतो. सून हसली का, ते बघायचं राहिलं. ती ताट घेऊन उठली होती.

नातीनं बापाला विचारलं, "तुमची मुलाखत कधी घेऊ?" "मला कुठे वेळ आहे गं."

८ फेब्रुवारी, रविवार

लंब्याकडे गेलो. छापखान्यात तो घडी घालायच्या टेबलावर होता. आता घडी त्याचीच झाली आहे, कमरेत. मी त्याला नातीचा प्रश्न टाकला. आपण हे कोणाकडून शिकलो रे?

"आपण? तू, कवी. मला कशाला ओढतोस?"

"तू माझ्याबरोबर पुलापर्यंत यायचास."

"पुलापर्यंत. पुढे मी चहा प्यायला जायचो." मग हसला. "पण परत आलास की आम्ही विचारायचो खरं. आज किती पावलं? तू म्हणायचास चाळीस. मग आम्ही तुला भित्रा म्हणायचो."

हे मी विसरलो होतो. चाळीसवरून तीस, तिसावरून वीस. मी आपला समजत होतो प्रेम वाढत चाललं आहे. ते हा आणि खात्यातले आणखी दोघं बाकावर बसून वाढवत होते!

"आणि तुला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"मला? आमच्या थोरल्यानं. तो वहिनीच्या मागे असाच. थोरल्याला कोणी, ते त्याला विचार. म्हणजे वर जाऊन विचार."

निघताना मी त्याला ती कविता म्हणून दाखवली, तर तो म्हणतो, "अरे, ती कविता कुठे? ते कोडं होतं. मी त्याच पानाची घडी घालायचो. खाली उलटं छापलेलं उत्तर होतं."

"काय उत्तर?"

"सावली."

घरी येईपर्यंत मला हसू आवरेना. रस्त्यातली माणसं बघत होती. दोन वर्षं मी एका कोड्यावर चाललो, आणि उत्तर रद्दीत!

९ फेब्रुवारी, सोमवार

ही भाजी आणायला निघाली. मला वाटलं, तिथे तिची टायपिंगची मैत्रीण भेटते, तिला तरी मुलाखतीचं काही सांगेल. म्हणून मीही निघालो. थोडा मागून. गुडघे कुरकुरत होते. टपालपेटीच्या आड उभा राहिलो, मग पाववाल्याच्या फळीआड.

पाववाला मोठ्यानं, "काय हवंय, काका?"

ही मान न वळवता म्हणाली, "आलाच आहात तर पिशवी धरा."

मी गपचूप पिशवी धरली. विचारलं, मागे न बघता कळलं कसं तुला?

"सवय आहे."

कांद्याचा भाव विचारायच्या आवाजात म्हणाली. पण ते दोन शब्द दिवसभर माझ्याबरोबर फिरत आहेत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लिहू का नको? वहीला तरी खरं सांगावं.

दुपारी ही आडवी झाली होती. नातीची फाइल टेबलावर. मी फक्त कागद कसला आहे ते बघायला उघडली (हे वही, तूही विश्वास ठेवू नकोस). चिमटा गंजका, वर पंखा. सगळे कागद जमिनीवर! चौदा नमुने, प्रत्येकाचे दोन कागद. पहिल्यावर क्रमांक, वय, काम, नातं. दुसऱ्यावर नुसती उत्तरं, त्यावर क्रमांकही नाही. अक्षर सगळं नातीचंच.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एक पान उलटं गेलेलं नाही. मी शांतपणे बसलो आणि शाई बघून जोड्या लावल्या. निळ्याला निळी, काळ्याला काळी. निळ्या दोन-तीन होत्या, तिथे कागदाची घडी बघितली. मग बोटं शिवशिवली. सुई, मेणाचा दोरा, तीन भोकं, वर खाकी कव्हर. नातीला बक्षीस म्हणून! असं पुस्तक तिच्या वर्गात कोणाचं नसेल.

आणि शिवता शिवता नमुना आठ उघडा पडला. वय एकाहत्तर. नातं — आजी. पलीकडे उत्तरं. मी वाचली.

"तो मागे आहे हे आवाजावरून कळतं. मान वळवत नाही, वळवली तर त्याला वाटेल मला हवंय. रस्ता तीनदा बदलून बघितला. घरात बोलले नाही. घरात सगळ्यांना ते प्रेम वाटतं, हसतात. मग वाटतं, माझंच काही चुकत असेल."

भीती वाटली का? "हो. अजून वाटते."

माझ्या बुटांना तेव्हा नाल होती. पुलावर खण् खण् वाजायची. मला त्या आवाजाचा केवढा अभिमान होता.

अजून वाटते.

११ फेब्रुवारी, बुधवार

सुईचं टोक बोटात गेलं होतं, ते आज कळलं. नातीला पुस्तक दिलेलं नाही. कपाटात कपड्यांखाली ठेवलं आहे. तिला सांगितलं, फाइल मी नीट लावून देतो, दोन दिवस थांब.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हिच्या मागे उभं राहायचं नाही, असं ठरवलं. वाटतं तितकं सोपं नाही ते. घर अडीच खोल्यांचं. स्वयंपाकघरात जाताना दारातून म्हणतो, "मी येतोय हं." गॅलरीत जाताना खोकतो. जिन्यात तिच्या पुढे उतरतो, मग तिला वाटतं मला घाई आहे, ती भरभर उतरते, मग मीही भरभर. तळाला दोघंही धापा टाकत.

संध्याकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवून म्हणाली, "अहो, डॉक्टरांकडे जाऊन यायचं का?"

"कशाला?"

"सकाळपासून सहा वेळा तुम्ही येताय म्हणून सांगितलंत. या ना. मी कुठे अडवलंय?"

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सगळं बोललो. पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. उत्तर दाखवलं. म्हटलं, पन्नास वर्षं मी तुला घाबरवत आलो आणि वर त्याची गोष्ट करून सांगत फिरलो. मला माफ कर. हे म्हणताना आवाज फुटला. कवळी नसती तर अजून वाईट झालं असतं.

तिनं चष्मा लावला. वाचलं. परत वाचलं.

"हे माझं नाही."

"अगं, वर लिहिलंय. वय एकाहत्तर."

"वर काही असू दे. मी असं म्हटलं नाही." मग तिचं तिनं सांगितलं. मी खाली तसंच उतरवतो आहे.

"पहिले सहा महिने घाबरले. खोटं कशाला बोलू? काकू म्हणायची, मागे बघू नकोस, बघितलंस की संपलं. म्हणून नाही बघितलं. लाजत कुठली होते, मानेला रग लागायची. नंतर नुसता वैताग. मग एक दिवस मागचा आवाजच बंद. मला तर जास्तच धडकी भरली. म्हटलं, हा आता कुठे लपून बसलाय? तीन आठवडे वाट बघितली, मग छापखान्यात पत्ता विचारून खात्री करायला तुमच्या घरी आले. तर तुम्ही खाटेवर, कपाळावर ओली घडी, आणि भिंतीला कविता म्हणून दाखवताय. अर्धी. पुढची येत नाही म्हणून रडताय. मला इतकं हसू आलं. तुमचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं."

"म्हणजे काळजीनं आली नव्हतीस?"

"काळजी होती. माझी."

मी पाण्याचा घोट घेतला. या वेळी खरंच हवा होता.

"मग माझी गोष्ट खोटी?"

"गोष्ट तुमची आहे, तुम्ही सांगा. माझी मी नातीला सांगितली." पानं उलटत ती थांबली. "ही बघा माझी उत्तरं."

काकू, रग, ओली घडी, सगळं होतं. नमुना अकराला शिवलेलं. मी जोड्या चुकवल्या होत्या! नातीनं मुलाखतीच्या मध्येच पेन बदललं असणार. पस्तीस वर्षांत न झालेली चूक, आणि ती इथे.

मग आम्ही अकराचा पहिला कागद वाचला. म्हणजे आठला शिवलेली उत्तरं मुळात ज्याची होती, तो. वय चव्वेचाळीस. काम — दातांची प्रयोगशाळा. नातं — आई.

हिनं चष्मा काढला. तेवढ्यात खाली मोटरसायकल थांबली. आवाज ओळखीचा. मागोमाग जिन्यावर सुनेची पावलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

नातीपुढे गुन्हा कबूल केला. ती ओरडली नाही. कात्री घेऊन माझी शिवण उसवत बसली. एकेक टाका. सुरेख शिवण होती.

"आजोबा, तुम्ही नियम मोडलात."

"हो."

"आईनं मला एकटीला सांगितलं होतं."

"हो."

दोरा ओढून काढत म्हणाली, "मी हा विषय असाच नाही घेतला." मी विचारलं, मग माझ्या उत्तराखाली रेघ का मारलीस? ती म्हणाली, "बाबाही हेच म्हणतात. ती काही बोलत नाही, म्हणजे तिला आवडतं. तुमचं वाक्य, शब्दांचा फक्त क्रम वेगळा."

मी म्हटलं, माझं चौदावं उत्तर खोडता येईल? "नाही. पण खाली जोडता येतं." मी सांगितलं, तिनं लिहिलं — मला कशावरूनही वाटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मुलगा खाली गाडी पुसत होता. गेलो. त्याला आईची बाजू सांगितली. काकू, मानेची रग, सगळं. तो पोट धरून हसला.

"बाबा, म्हणजे आईनं तुम्हाला बघायला यायचं कारणच वेगळं!"

"तू बायकोच्या मागे जातोस ते बंद कर."

फडकं थांबलं. "मी काय परक्या बाईच्या मागे जातो? काळजी वाटते म्हणून जातो."

"मलाही तसंच वाटायचं."

"मग? झालं ना तुमचं चांगलं?"

चांगलं झालं. दोन वर्षं चाललो म्हणून नाही, महिनाभर पडलो म्हणून झालं. तसं म्हटलंही. तो म्हणाला, "तुम्ही आता कविता करू नका." आणि टाकी पुसायला लागला. चकाकेपर्यंत.

लहानपणी ही गोष्ट त्याला तीनशे वेळा तरी सांगितली असेल. आता एकदा दुसरी सांगून ती पुसली जाईल, असं मला का वाटलं?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कवळी घासते आहे हे निमित्त करून सुनेच्या प्रयोगशाळेत गेलो. माफी मागायची होती. पण ती म्हणाली, "आ करा, बाबा," आणि दोन बोटं तोंडात. मला बोलता येईना. बरंच झालं.

तीच बोलली. "मुलीनं सांगितलं मला, तुम्ही वाचलंत ते. पहिल्यांदा खूप राग आला." हिरडीवर कसलासा रंग लावला. "मग वाटलं, बरं झालं. मी सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात." मी नाही म्हणायला गेलो. "हलू नका. हसला असतात, बाबा. ते ती गोष्ट सांगतात आणि तुम्ही हसता, आणि मी ताट घेऊन उठते. बावीस वर्षं उठतेय."

कवळी यंत्रावर घासून परत बसवली. "आता बोला. लागतंय का कुठे?"

तोंड मोकळं होतं, आणि मला एकच वाक्य सापडलं. शंभर कविता अर्ध्या पाठ असलेल्या माणसाला! म्हटलं, "ती गोष्ट आता आपल्या घरात कोणी सांगणार नाही."

"तेवढ्यानं थांबणार नाहीत ते."

"ठाऊक आहे. मला काय करता येईल ते सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. साचा तपासताना बघते तशी. कुठे भेग तर नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना मुलानं 'पूल, औषधाचं दुकान' सुरू केलं. मी म्हटलं, पुरे. हीही म्हणाली, पुरे. सून आज ताट घेऊन उठली नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सून सकाळी बॅग घेऊन गेली. काही दिवस, की जास्त, ते तिचं तिनं ठरवायचं आहे. कुठे राहणार ते फक्त मला सांगून गेली. "पत्ता तुमच्याकडे असेल असं त्यांच्या मनातही येणार नाही." मुलानं तिच्या बहिणीला, मैत्रिणींना, प्रयोगशाळेत, सगळीकडे विचारून झालं. मग आईला. मग लेकीला. शेवटी आत्ता माझ्या दारात येऊन उभा राहिला — "बाबा, तुम्ही तरी सांगा, तुम्हाला कळतं माझं." कळतं रे. म्हणून तर पत्ता या वहीतसुद्धा लिहिलेला नाही.